भुवयांपर्यंतचा फोटो

माझ्या नवऱ्याचं एक ठरलेलं वाक्य आहे. काहीही बिघडलं की म्हणायचं, "लाइन खराब असेल." घरातला मिक्सर बंद पडला तरी हेच. दशरथरावांचा एसटीडी बूथ आहे, त्यामुळे जगातली सगळी दुखणी त्यांना तारेतच दिसतात. त्या दिवशी पडद्यावरचा फोटो भुवयांपर्यंत येऊन थांबला आणि भिंतीपलीकडून तेच वाक्य आलं, तेव्हा माझ्या अंगाचा अगदी तिळपापड झाला.

"मग नीट करा ना! बसलात काय नुसते?" मी ओरडले.

"मी कशी नीट करू? खांब काय मी रोवलेत?" असं म्हणून ते शांतपणे पुढच्या गिऱ्हाइकाला नंबर लावून देऊ लागले.

ही गोष्ट नव्याण्णव सालची, संक्रांतीच्या आदल्या दिवसाची. डहाणू रोड स्टेशनच्या पश्चिमेला माझा टायपिंगचा क्लास. बोर्डावर 'टायपिंग'च्या पुढे 'अँड कॉम्प्युटर' हे शब्द मागाहून रंगवून घेतलेले. खोलीच्या एका बाजूला टाइपरायटर, दुसऱ्या बाजूला दोन कॉम्प्युटर आणि एक मोडेम. मुंबईला फोन लावला की इंटरनेट मिळायचं. म्हणजे मिळालं तर. क्लास आणि बूथ यांच्यामधल्या भिंतीला एक छोटी खिडकी होती. चहाचा कप द्यायला आणि भांडायला ती आम्हाला पुरायची.

कॉम्प्युटरसमोरच्या बाकावर दोन बायका बसल्या होत्या. नवशी मावशी वेवजीच्या. पन्नाशी उलटलेली, आवाज खणखणीत. रूपी अच्छाडच्या पलीकडच्या पाड्यावरची, अगदी पोरसवदा, लग्नाला फार दिवस झाले नसावेत. तलासरीच्या आश्रमशाळेत काम करणारी संगिता माझी जुनी विद्यार्थिनी; तिने त्यांना माझा पत्ता दिला होता. सकाळच्या पहिल्या जीपने निघून दोघी आल्या होत्या.

नवशी मावशींच्या मुलाचं नाव लक्ष्या. रूपीच्या नवऱ्याचंही नाव लक्ष्या. दोघेही पोरबंदरच्या एकाच बोटीवर खलाशी. आमच्याकडची कितीतरी माणसं पावसाळा संपला की गुजरातच्या बोटींवर जातात, त्यात नवल काही नाही. रूपीचा नवरा आधीपासून जायचा. यंदा त्याने मावशींच्या मुलालाही नेलं. दिवाळीनंतर बातमी आली ती अशी, की बोट समुद्रातली हद्द ओलांडून पलीकडे गेली, पाकिस्तानच्या गस्तीच्या बोटीने पाठलाग केला, धडक बसली आणि बोट बुडाली. काही जणांना पाण्यातून काढून कराचीच्या तुरुंगात नेलं. बाकीचे सापडलेच नाहीत. कोणाला काढलं आणि कोण राहिलं, ते कोणी सांगेना.

मग जानेवारीत कराचीहून आलेल्या काही भल्या माणसांनी तुरुंगातल्या खलाशांचे फोटो आणले. पोरबंदरच्या मासळी व्यापाऱ्यांच्या एका मंडळाने ते आपल्या वेबसाइटवर टाकले, म्हणजे किनाऱ्यावरच्या घरच्यांना थेट पोरबंदरला धावायला नको. त्या बोटीच्या पानावर जिवंत सापडलेले सगळे होते, आणि त्यांत लक्ष्या एकच. फोटोखाली लिहिलं होतं, 'लक्ष्या, तलासरी'. बापाचं नाव नाही, गाव नाही. तिकडच्या चौकीत जेवढं विचारलं तेवढंच त्याने सांगितलं असणार.

म्हणजे एक लक्ष्या जिवंत होता. कोणता, ते फोटोच सांगणार होता. आणि फोटो भुवयांच्या खाली उतरत नव्हता.

घाई अशी होती, की मंडळाचे सेक्रेटरी त्याच संध्याकाळी दिल्लीला निघणार होते. ज्यांना घरच्यांनी ओळखलं, त्यांचीच नावं सुटकेच्या अर्जात जाणार. दुसऱ्या दिवसापासून तिकडे उत्तरायणाची, म्हणजे संक्रांतीची सुट्टी. बाकीच्यांचं पुढच्या खेपेला बघू, असं मंडळाने कळवलं होतं, आणि ती पुढची खेप कधी, हे देवालाच ठाऊक.

त्या काळी फोटो एकदम यायचा नाही. वरून खाली पट्टीपट्टीने उतरायचा. "आलं," मी म्हटलं. आधी मागची भिंत दिसली, मग केस, मग कपाळ, मग भुवयांचा काळा काठ. बस्स. त्याखाली नुसता करडा चौकोन.

"माझाच लक्ष्या," मावशी म्हणाल्या. "केस बघा. असेच उभे राहतात, कितीही तेल चोपडा."

रूपीने पदराचं टोक दातात धरलं होतं.

"तू सांग ना गं," मी म्हटलं.

"त्याचे पण असेच," ती म्हणाली. एवढंच.

मावशींनी तिच्याकडे रोखून बघितलं. "हिच्या नवऱ्याने नेला माझ्या पोराला. मी नको नको म्हणत होते," त्या मला म्हणाल्या. आणि मग पिशवीतून भाकरी काढून अर्धी तोडली आणि रूपीच्या हातात कोंबली. "खा. सकाळपासून पाण्यावर आहेस."

मी खिडकीतून हात घालून फोनचा रिसीव्हर आमच्या बाजूला ओढला. वायर कशीबशी पोचत होती. क्लासच्या लाइनवर मोडेम चालू होता, त्यामुळे बोलायचं ते बूथवरूनच. यजमानांनी तोंड वाकडं करत पोरबंदरचा नंबर लावून दिला.

पलीकडे होते नविनभाई. मंडळाचे मेहताजी, म्हणजे हिशेब लिहिणारे. वेबसाइट ज्या कॉम्प्युटरवर ठेवलेली असते, जो आपण मागितलेलं पान आपल्याकडे पाठवतो, त्याला सर्व्हर म्हणतात. तो त्यांच्या भाच्याने ऑफिसात बसवून दिला आणि भाचा नोकरीला अहमदाबादला निघून गेला. तेव्हापासून सर्व्हर मेहताजींच्या गळ्यात.

"बेन, अहीं तो तरत खुले छे," ते म्हणाले. "माझ्या समोर आहे फोटो. पूरा. छान दिसतो."

"तुम्हाला दिसणारच! सर्व्हर तुमच्या टेबलाखाली आहे," मी म्हटलं. "बरं, सांगा, कसा दिसतो माणूस?"

"जवान आहे. दाढी वाढली. डोळे मोठे. सुकलेला, बिचारो."

मी बायकांना सांगितलं. दोघींनीही मान डोलावली. तुरुंगात कोणाची दाढी वाढत नाही आणि कोण सुकत नाही? मी फॅक्स करायला सांगितलं. बूथवरच्या मशीनमधून कागद सुरसुरत बाहेर आला आणि त्यावर फोटोच्या जागी नुसता काळा डाग. ईमेल करा म्हटलं, तर ईमेलचा कॉम्प्युटर शेठच्या केबिनमध्ये, शेठ सुरतला आणि केबिनला कुलूप. फोटो बारीक करून टाका म्हटलं, तर ते काम भाचा करायचा. मी कपाळावर हात मारून घेतला.

"लाइन तपासा तुमची," नविनभाई म्हणाले.

खिडकीतून दशरथरावांनी विजयी मुद्रेने माझ्याकडे बघितलं. त्या क्षणी दोघांनाही एकाच पोत्यात घालावंसं वाटलं.

तरीही मी लाइन तोडून पुन्हा लावली. ब्राउझरने जुनाच अर्धा फोटो साठवून ठेवला असेल म्हणून तेही सगळं पुसलं. मोडेम बंद करून चालू केला. फोटो उतरला आणि भुवयांवर थांबला. त्या पानावरचे बाकीचे फोटोही तसेच, कपाळापर्यंत. एवढी सगळी कपाळं ओळीने बघून मला भडभडून आलं. ही काय थट्टा आहे? माणूस जिवंत आहे की नाही एवढं विचारतोय, आणि समोरून कपाळ दाखवतात!

"बाई, तो घाबरतोय का खाली यायला?" मावशींनी विचारलं.

"मशीन आहे मावशी, त्याला कसली भीती?" मी जरा तुटकच बोलले. मग वाईट वाटलं. चहा मागवला.

दुपारी टायपिंगच्या मुली आल्या. त्यांची परीक्षा तोंडावर, त्यांना परत कसं पाठवणार? मी रोजचा उतारा दिला, घंटी मारली, आणि त्याच वेळी पुन्हा पान मागवलं. खोलीत टाइपरायटरची खडखड सुरू झाली. माझी अदिती नावाची एक विद्यार्थिनी होती. तिचा हात असा एकसारखा चालायचा, की डोळे मिटून ऐकलं तरी कोणत्या शब्दावर आहे ते मला कळायचं. पहिला परिच्छेद संपला की ती टाइपरायटरची गाडी जोरात मागे ढकलायची. ती 'खर्रर्र' करून मागे गेली आणि इकडे फोटो थांबला. भुवयांवर.

योगायोग म्हणून मी सोडून दिलं. मुलींना तोच उतारा पुन्हा करायला लावला आणि पुन्हा पान मागवलं. आता लाइन खरंच मंद झाली होती. मागची भिंतच किती वेळ उतरत राहिली. केस अर्धे आले आणि अदितीची गाडी मागे गेली. खर्रर्र. फोटो थांबला. केसांवरच.

"अगोबाई!" मी जागेवरून उठलेच.

मुलींचे हात थांबले. मावशी दचकल्या. मला सांगायला तर हवंच होतं कोणाला तरी, म्हणून मी खिडकीत तोंड घालून नवऱ्यालाच सांगितलं. "अहो, ऐका. लाइन चांगली होती तेव्हा फोटो भुवयांपर्यंत आला. लाइन मंद झाली तर केसांपर्यंतच आला. पण थांबला मात्र दोन्ही वेळा अदितीच्या परिच्छेदाबरोबर. म्हणजे जागा बदलली, वेळ तेवढाच राहिला. कळतंय का? लाइन तुटत नाहीये. तिकडून कोणीतरी वेळ मोजून तोडतंय!"

त्यांना कळलं असावं. कारण त्यांनी लगेच पोरबंदरचा नंबर फिरवला आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला.

सर्व्हरची एक फाइल असते. त्याने कसं वागायचं याचे सगळे हुकूम तिच्यात ओळीने लिहिलेले असतात. त्यांतला एक हुकूम असा, की पान मागणाऱ्याला किती वेळ द्यायचा. वेळ संपला की पान अर्ध्यावर असलं तरी तोडायचं आणि पुढच्याला घ्यायचं. एसटीडीच्या रांगेत मागचा माणूस दार ठोठावतो, तसंच. हे मला कसं ठाऊक? मुलींना शिकवायला मी क्लासमधली दोन मशीन जोडून असा एक सर्व्हर चालवायचे, आणि एका चुकीच्या ओळीपायी तो अख्खा दिवस रुसून बसला होता.

"नविनभाई, तुमचा सर्व्हर आम्हाला वेळ कमी देतोय. फाइल उघडा, तो आकडा वाढवा."

"बेन, तो मी वाढवला छे!" ते ओरडले. "उंबरगावच्या लोकांनी पण कंप्लेंट केली होती. दिवाळीलाच वाढवला. अर्धा तास केला, अर्धा तास! वाचून दाखवू?"

त्यांनी वाचून दाखवला. आकडा खरोखरच मोठा होता.

 आता काय? इतका वेळ वाटत होतं, गाठ सापडली. आणि गाठ आधीच सोडवलेली निघाली. सर्व्हर बंद करून चालू केला होता का, विचारलं. कितीतरी वेळा, म्हणाले. तेव्हाच्या तेव्हा पुन्हा करून दाखवला. मी पान मागवलं. अदितीला म्हटलं, "टाइप कर गं." खर्रर्र. भुवया.

रूपी उठून दारात जाऊन उभी राहिली. बाहेर ऊन उतरत आलं होतं. तलासरीच्या शेवटच्या बसची वेळ जवळ येत होती आणि नविनभाई सारखं म्हणत होते, "सेक्रेटरीसाहेब निकळे छे, बेन. टॅक्सी आली."   

"साहेबांना थांबवा," मी म्हटलं. "आणि मला ती फाइल पहिल्या ओळीपासून वाचून दाखवा. एकही ओळ गाळायची नाही."

"पहेली ओळ, श्री."

"काय?"

"श्री. इंग्रजीत. मग खाली शुभ लाभ. मग सर्व्हरचं सुरू होतं."

"श्री कोणी लिहिलं तिथे?"

"मी," नविनभाई जरा दुखावल्यासारखे म्हणाले. "दिवाळीला चोपडापूजन केलं. जुना चोपडा बंद, नवा सुरू. या फाइलचं पण तसंच केलं. नवा फोल्डर काढला, त्यात नवी फाइल. सगळं जुन्यातून उतरवून घेतलं, आकडा वाढवला. पहिल्या पानावर श्री लिहिल्याशिवाय कोणी हिशेब सुरू करतो का?"

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्या फाइलमध्ये जो हुकूम नाही, जे नुसतं माणसाने माणसासाठी लिहिलंय, त्याच्या आधी हॅशची खूण करावी लागते. दोन आडव्या, दोन उभ्या रेघांची जाळी. ती असली की सर्व्हर ती ओळ सोडून देतो.

"श्रीच्या आधी हॅश आहे का?"

"भगवानच्या नावाआधी चौकडी, फुली मारायची? काय बोलता, बेन?"

"म्हणजे नाही! नविनभाई, अहो, हॅश नसेल तर सर्व्हर श्रीला हुकूम समजेल. असा हुकूम त्याला माहीत नाही. तो अडून बसेल, सुरूच होणार नाही. आणि तुमचा तर दिवाळीपासून छान सुरू होतोय! याचा अर्थ काय? तो ही फाइल वाचतच नाही. तुम्ही नवी वही उघडलीत, पण त्याला कोणी सांगितलंच नाही. तो अजून जुन्याच वहीत बघतोय. जुन्या वहीत आकडा काय आहे?"

पलीकडे बराच वेळ कळफलकाची टकटक. मग नविनभाईंचा आवाज एकदम बारीक झाला. "बहु ओछो छे. कमी आहे, बेन. भाच्याने कमी ठेवला होता. ऑफिसात गर्दी व्हायची म्हणून."

"वाढवा."

"जुन्यात?"

"हो!"

"बेन, तो बंद केलेला चोपडा आहे."

मला आधी कळेचना. मग कळलं. हिशेबाची वही एकदा पूजा करून बंद केली, की तिच्यात पुन्हा अक्षर लिहायचं नाही. लिहिलं तर ती लबाडी. या माणसाने उभ्या जन्मात बंद वहीत एक टिंबसुद्धा काढलं नसेल, आणि मी त्याला फोनवरून खाडाखोड करायला सांगत होते. एरवी मला हसू आलं असतं. तेव्हा रडू येत होतं.

"नविनभाई," मी जमेल तेवढ्या शांतपणे म्हटलं, "इथे माझ्यासमोर एक आई बसलीय आणि एक बायको. त्यांतल्या एकीचा माणूस जिवंत आहे. कोणाचा, ते तुमच्या त्या बंद वहीने अडवून धरलंय. हिशेब पैशांचा असता तर मी बोलले नसते."

"पाप लागेल."

"माझ्या माथी. लिहा."

ते लिहीत असताना मी रिसीव्हर कानाला घट्ट धरून उभी होते. यजमानांनी बूथवरच्या गिऱ्हाइकांना बाहेर काढून दार लोटून घेतलं होतं. चक्क! रांगेतले लोक कुरकुरत होते, तर म्हणाले, "आज फोन आजारी आहे." त्या माणसाशी मी इतकी वर्षं उगाच नाही संसार केला.

"लिहिलं. बंद करून चालू करतो," नविनभाई म्हणाले, आणि थोड्या वेळाने किंचाळले, "बेन! चालूच होत नाही! पूरा बंद! काही तरी लाल लाल लिहून येतं!"

 पडद्यावरचं पान मी पुन्हा मागवलं, तर आता कपाळही नाही, काहीच नाही. पांढरं. मावशींनी ते बघितलं आणि त्यांच्या तोंडून "गेला" एवढाच शब्द निघाला.

"नविनभाई, आकडा लिहिण्याआधी तुम्ही आणखी काय केलंत? खरं सांगा."

"काही नाही. फक्त... बंद चोपड्यात लिहायचं म्हणून मन मानेना. पहिल्यांदा वर श्री लिहिलं."

मी ओरडणार होते. कशीबशी जीभ चावली. "ठीक आहे. देवाचं नाव तसंच राहू द्या. फक्त त्याच्या आधी ती जाळी काढा. चौकडी नाही हो ती. देवापुढे रांगोळी काढतो ना आपण? ती रांगोळी समजा."

"रांगोळी," ते पुटपुटले. "हा, रांगोळी चालेल." पुन्हा टकटक. आणि मग एक मोठा सुस्कारा. "चालू थयुं."

मी रूपीला हाक मारली. ती दारातून येऊन मावशींच्या शेजारी बसली. मी पान मागवलं. अदिती न सांगताच टाइप करू लागली, तोच उतारा.

भिंत. केस. कपाळ. भुवया. गाडी मागे गेली, खर्रर्र, आणि अदितीचा हात तिथेच थांबला. सगळ्या मुली मान वळवून बघत होत्या. फोटो थांबला नाही. पापण्या आल्या. डोळे आले, मोठे, सरळ आपल्याकडे बघणारे. नाक. वाढलेली दाढी, त्यातून दिसणारे सुकलेले ओठ. हनुवटी. गळ्याशी सुटलेलं शर्टाचं बटण. मला इतका आनंद झाला, की मी टाळी वाजवली. हो, वाजवली मी टाळी. आला, पूर्ण आला!

मग मी त्या दोघींकडे बघितलं.

रूपीचा चेहरा उजळला होता. अगदी एका क्षणापुरता. मग तिने मावशींकडे बघितलं आणि तो विझला. "मला नाही ओळखू येत," ती म्हणाली.

"नीट बघ," मी म्हटलं. "घाई नाही."

"नाही ओळखू येत, बाई. दाढी आहे. मावशीला विचारा."

मावशी पडद्याकडे बघत होत्या. हात मांडीवर, मूठ आवळलेली. आवाज आला तो नेहमीसारखाच खणखणीत. "डोळे फुटले काय तुझे? नवरा आहे तुझा. असा काय करतेस? सांग त्यांना, नाव लिहू दे."

रूपी हुंदके देऊ लागली. पलीकडून नविनभाई पूर्ण नाव विचारत होते, सेक्रेटरीसाहेब टॅक्सीचं दार उघडून उभे होते, आणि ह्या पोरीच्या तोंडून नवऱ्याचं नाव निघेना. त्यांच्यात घेत नाहीत, आणि रडताना तर ते आणखीच निघेना. शेवटी मावशींनीच सांगितलं. "लक्ष्या चिमण वळवी. अच्छाडच्या पाड्यावरचा. लिहा, बाई. चिमण बापाचं नाव." मी शब्द शब्द फोनवर सांगितला. नविनभाईंनी परत वाचून दाखवला. लिहिलं, दिलं, टॅक्सी निघाली, म्हणाले. आणि मग विचारलं, "बेन, दुसऱ्या बाईचं?"

मी रिसीव्हर खिडकीतून परत दिला.

मुली आपापल्या पिशव्या उचलून पायांचा आवाज न करता निघून गेल्या. मावशी उठल्या नाहीत. त्यांनी रूपीच्या पाठीवरून हात फिरवला, तिचे डोळे आपल्या पदराने पुसले, आणि मग माझ्याकडे वळल्या.

"आता पान पुरं आलं?"

"हो, मावशी."

"खाली अजून काही नाही?"

मी पान खालपर्यंत सरकवून दाखवलं. दुसरे चेहरे, पूर्ण चेहरे. मग मंडळाचा पत्ता आणि त्याखाली पांढरी जागा. सकाळपासून मी ज्याच्यासाठी जिवाचा आटापिटा केला, ते हेच होतं. पूर्ण पान. अर्धं होतं तोवर त्यात दोन माणसं जिवंत होती.

"सकाळी पण तुम्ही म्हणालात, आलं," मावशी म्हणाल्या. त्यांचा आवाज आता खणखणीत नव्हता. "आणि ते अर्धंच निघालं. आता पण अर्धंच असंल. परत लावा ना, बाई."

  त्यांची बस जाईल, हे मला म्हणवेना. मी माऊस हातात घेतला आणि पान पुन्हा मागवलं. मावशी बाकावर पुढे सरकून पडद्याच्या अगदी जवळ बसल्या, आणि वरून पहिली पट्टी उतरू लागली.